शिक्षण धोरणात सीनियर रिसर्चर झालात, आता काम कसं करायचं

सीनियर म्हणून पहिल्यांदा नेमणूक झाली की बहुतेकांना वाटतं, काम तेच आहे, फक्त जास्त करायचंय आणि चार ज्युनियर हाताखाली घेऊन करायचंय. तसं नसतं. ज्युनियर असताना प्रश्न तयार होऊन हातात येतो आणि तुम्ही उत्तर शोधता. सीनियर झालात की प्रश्न गढूळ, अर्धवट, कधी कधी साफ चुकीचाच येतो आणि तो नीट लावून घेणं हेच तुमचं पहिलं काम होऊन बसतं. दुसरं काम शेवटाला असतं, उत्तर मिळालं की ते कुठपर्यंत लागू पडतं ती हद्द राखायची, कारण तुमच्या रिपोर्टातलं एक वाक्य उद्या परिपत्रक होऊन हजारो शाळांत जाऊ शकतं. मधलं सॅम्पल, टूल (म्हणजे चाचणी किंवा प्रश्नावली), अ‍ॅनालिसिस सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते नीट करणारी माणसं मिळतात हो. ही दोन टोकं धरून ठेवणारं माणूस मिळत नाही. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि जे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं इथे लिहितेय.

"एक अभ्यास करून द्या" असा निरोप आला की

काम साधारण असं येतं. "शाळांना टॅबलेट द्यायचा विचार चाललाय, उपयोग होतो का ते बघून द्या." ऐकायला प्रश्न स्वच्छ वाटतो, पण लगेच सॅम्पल काढायला बसू नका. आधी विचारा, निर्णय नक्की कोण घेणार, कधी घेणार आणि त्यांच्यापुढे पर्याय काय काय आहेत. बरेचदा कळतं की द्यायचे की नाही हे ठरूनच गेलंय, टेंडरसुद्धा निघालंय, आणि अजून मोकळं काय आहे तर आधी कुठल्या इयत्तेला द्यायचे, शिक्षकांना ट्रेनिंग किती दिवसांचं ठेवायचं, मशीन बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार. मग अभ्यास त्यावर करा ना, तिथे तुमच्या कामाने खरंच काहीतरी हलेल.

माझा एक ठरलेला प्रश्न आहे आणि तो मी प्रत्येक पहिल्या मीटिंगमध्ये विचारतेच. "निकाल तुमच्या अपेक्षेच्या उलट आला तर तुम्ही काय वेगळं कराल?" शांतपणे विचारायचा, आव्हान दिल्यासारखा नाही. समोरचा जरा थांबून "मग पहिल्या टप्प्यात कमी शाळा घेऊ" असं काही बोलला तर समजा अभ्यासाला जागा आहे. "योजना तर चालूच राहणार" असं उत्तर आलं तर परिणाम मोजायचा दोन वर्षांचा मोठा अभ्यास करण्यात अर्थ नाही, त्याऐवजी अंमलबजावणी कुठे अडकतेय हे चार महिन्यांत बघून देते म्हणून सुचवा. पैसे कमी लागतात, आणि उत्तर वेळेत मिळतं.

टॅबलेटचंच बघायचं तर पेरू देशात मुलांना लॅपटॉप द्यायचा जो मोठा कार्यक्रम झाला त्याचा ३१९ ग्रामीण शाळांमधला अभ्यास आहे, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. लॅपटॉप पोचले, मुलं ते वापरायलाही लागली, मशीन हाताळण्यात तरबेज झाली, पण भाषा आणि गणितात फरक पडला नाही. म्हणजे "टॅबलेटचा उपयोग होतो का" हा प्रश्नच थोटा आहे. कुठल्या तासाला, कुठला धडा, कोण, कसा शिकवणार आणि आधी त्या तासाला काय व्हायचं, हे विचारलं तर प्रश्न पुरा होतो.

या बोलण्यानंतर एक पानाची नोट लिहा. निर्णय काय आहे, कोणाचा आहे, कुठल्या तारखेपर्यंत उत्तर हवंय आणि कुठला निकाल आला तर कुठला पर्याय निवडायचा. ही नोट मेलवर पाठवून होकार घेऊन ठेवा. तारखेचं विशेष बघा, कारण बजेट ठरून गेल्यावर आलेला उत्तमातला उत्तम रिपोर्टसुद्धा कपाटात जातो आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत अधिकारी बदललेला असतो.

जुने अभ्यास वाचताना निकालाच्या पुढे वाचा

हा भाग मी लांबवणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका मी इथेच बघितल्यात, आणि त्यातली एक माझीही आहे, ती पुढे सांगते.

वर्गातली मुलांची संख्या कमी केली तर शिकणं सुधारतं का? यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झाला. बालवाडीपासून तिसरीपर्यंतची मुलं आणि त्यांचे शिक्षक, दोन्ही चिठ्ठ्या काढल्यासारखे रँडम वाटून दिले, काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ चे. छोट्या वर्गातली मुलं पुढे गेली आणि गरीब मुलांना, कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. प्रयोग चांगलाच होता, त्यात शंका नाही. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर एकदम पहिल्या काही इयत्तांचे वर्ग साधारण ३० वरून २० वर आणायचे ठरवले. एवढे शिक्षक एका वर्षात आणायचे कुठून? पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक भरले गेले, चांगल्या वस्तीतल्या शाळांमध्ये जागा निघाल्या तसे गरीब वस्तीतल्या शाळांमधले अनुभवी शिक्षक तिकडे गेले, खोल्या कमी पडल्या म्हणून लायब्ररीच्या आणि इतर कामाच्या जागा वर्गासाठी घेतल्या. ज्या मुलांना छोट्या वर्गाचा सगळ्यात जास्त उपयोग होणार होता त्यांच्याच शाळांना फटका बसला. टेनेसीत प्रयोगापुरते शिक्षक हाताशी होते, राज्यभर करताना ते नव्हते. ही ओळ टेनेसीच्या निकालात कुठे लिहिलेली नव्हती, ती वाचणाऱ्याने काढायची होती.

इस्रायलमधलं उदाहरण तर मी प्रत्येक नव्या ज्युनियरला सांगते. तिथे वर्गात ४० च्या वर मुलं घ्यायची नाहीत असा नियम आहे, ४१ वं मूल आलं की दोन वर्ग करायचे. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी यांनी १९९९ मध्ये याचाच उपयोग करून दाखवलं की लहान वर्गामुळे चौथी पाचवीच्या मुलांचे मार्क वाढतात. पेपर जगभर शिकवला गेला. २०१९ मध्ये याच दोघांनी आणखी सहकाऱ्यांबरोबर नव्या वर्षांचा जास्त डेटा घेऊन परत बघितलं तर परिणाम दिसलाच नाही, आणि पटसंख्या ४० च्या आसपास मुद्दाम सरकवली जाते हेही त्यांना सापडलं. त्यांनी ते स्वतः उघड छापलं. सीनियर माणसाने कसं वागावं म्हणून कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देते.

आता सरासरी. केनियात सरकारी पाठ्यपुस्तकं वाटण्याचा प्रयोग झाला होता, पॉल ग्लेवे, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मूलां यांनी २००९ मध्ये निकाल छापला. सरासरी मार्क वाढले नाहीत. इथेच थांबलं तर "पुस्तकांचा उपयोग नाही" असं भलतंच वाक्य तयार होतं. पण आधीपासून पुढे असलेल्या मुलांना फायदा झाला होता, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा, त्यांना ती वाचताच येत नव्हती. म्हणजे खरा मुद्दा पुस्तकाचा नसून पुस्तक कोणाला वाचता येतं याचा निघाला. आणि केनियातलाच दुसरा प्रयोग, कंत्राटी शिक्षक नेमायचा. एका गटात तो एका संस्थेने राबवला, दुसऱ्या गटात सरकारने. संस्थेने राबवला तिथे मुलांचे मार्क वाढले, सरकारी यंत्रणेतून गेला तिथे परिणाम शून्य. योजना कागदावर एकच होती!

तर कुठलाही अभ्यास वाचताना शेजारी वही ठेवा आणि निकालाआधी हे टिपा, राबवलं कोणी, किती दिवस चाललं, मुलं सुरुवातीला कुठल्या पातळीवर होती आणि आधी तिथे काय चालू होतं. यातलं काही पेपरमध्ये मिळालं नाही तर लेखकांना मेल करा, बहुतेक जण उत्तर देतात आणि आनंदाने देतात.

माझी चूक अशी. एका जुन्या रिपोर्टच्या सारांशात मी लिहिलं की वर्गात गोष्टींची पुस्तकं ठेवल्याने मुलांचं वाचन सुधारतं. आम्ही बघितलेल्या शाळांमध्ये रोज अर्धा तास पुस्तक हातात घेऊन वाचायला बसवत होते, ते मी आत कुठेतरी विसाव्या पानावर लिहिलं होतं. सारांश वाचून पुस्तकं खरेदी झाली, शाळांना पोचली, आणि वर्षभराने मी एका शाळेत गेले तर सगळी पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवलेली. तिथल्या शिक्षिकेने मला समजावून सांगितलं, "मॅडम, एक जरी हरवलं तरी भरपाई माझ्याकडून घेतात, मग मुलांच्या हातात कशी देऊ?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. अर्धा तासाचं ते वाक्य मी पहिल्या पानावर ठेवायला हवं होतं. तेव्हापासून ज्या अटीशिवाय निष्कर्ष उभा राहत नाही ती अट मी त्याच वाक्यात लिहिते, पुढच्या परिच्छेदातसुद्धा नाही, कारण वाक्य उचललं जातं आणि परिच्छेद मागे राहतो.

आकडा जन्माला कसा आला ते बघा

सरकारी डेटा हातात आला की त्यातली एकच गोष्ट घ्या आणि ती उगमापर्यंत चालत जाऊन बघा. खरंच चालत. मी एकदा "सरासरी उपस्थिती" या कॉलमचा असा माग काढला. शिक्षक सकाळी हजेरी घेतात, उशिरा आलेल्यांची खूण नंतर होते, दुपारनंतर निघून गेलेल्यांची कधीच होत नाही. महिनाअखेर बेरीज कागदावर जाते, तो कागद ऑफिसात एक ऑपरेटर टाइप करतो. तिथे बसले तेव्हा कळलं की उपस्थिती पटसंख्येपेक्षा जास्त असेल तर सिस्टीम एंट्रीच घेत नाही, मग अडू नये म्हणून तो बिचारा पटसंख्या वाढवून टाकत होता, त्याच्यापुढे अजून शंभर फॉर्म पडलेले. आणि मी तोपर्यंत त्या पटसंख्येवर ट्रेंडलाइन काढून बसले होते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

आकड्याशी पैसा बांधला की तो आणखी हलतो. केनियात २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि शाळांना मुलामागे निधी मिळायला लागला, त्यानंतर सरकारी नोंदीतला पट घरोघरी केलेल्या सर्व्हेच्या मानाने जास्त वेगाने चढलेला दिसतो. बक्षीस किंवा शिक्षा बांधली तरी तेच होतं, अमेरिकेत अटलांटा शहरात परीक्षेच्या निकालावर सगळं अवलंबून ठेवलं होतं आणि २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचं आणि १७८ शिक्षक, मुख्याध्यापक त्यात असल्याचं बाहेर आलं. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच म्हणून ठेवलं होतं की एखादं माप निर्णयासाठी जितकं वापराल तितकं ते बिघडेल आणि ज्याला मोजताय त्यालाही बिघडवेल. म्हणून नवं इंडिकेटर सुचवण्याआधी स्वतःला विचारा, हा आकडा कोण भरणार आणि तो कमी भरला तर त्याचं काय होणार.

रँकिंग मागितलं गेलं तर एक गोष्ट नक्की सांगा. छोट्या शाळा यादीत वरही दिसतात आणि खालीही, कारण पंधरा मुलांच्या शाळेत दोन हुशार मुलं आली की सरासरी उडी मारते, पुढच्या वर्षी ती गेली की खाली येते. मग "टॉप शाळा छोट्या असतात, सबब शाळा छोट्या करा" असा सल्ला निघतो. यादीचं खालचं टोक पण उघडून दाखवा, लगेच समजतं, कुठल्याही फॉर्म्युल्याची गरज पडत नाही.

आणि सॅम्पलबद्दल एकच हिशोब सांगते कारण तो मीटिंगमध्ये हमखास लागतो. "१००० मुलं घेतलीत ना, मग झालं" असं कोणीतरी म्हणतंच. पण ५० शाळांतून प्रत्येकी २० मुलं घेतली असतील तर एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, तोच शिक्षक, तीच वस्ती. हे सारखेपण (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे हुबेहूब) ०.२ धरलं, जे परीक्षेच्या मार्कांसाठी काही फार नाही, तर २० मधून १ वजा करून १९, मग १९ गुणिले ०.२ अधिक १, म्हणजे ४.८ ने भागायचं, हातात उरतात साधारण २०८ मुलांइतकीच माहिती. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण सगळी शितं एकाच कोपऱ्यातली घेतली तर नाही होत. जास्त मुलं घेण्यापेक्षा जास्त शाळा घ्या, फील्डचा खर्च वाढतो, त्यासाठी फंडरशी भांडावं लागलं तर भांडा.

टूलच्या पायलटला स्वतः जा

पायलट म्हणजे टूल आधी थोड्या मुलांवर वापरून बघणं. हे ज्युनियरवर सोडायचं नाही, कितीही बिझी असलात तरी. उंटावरून शेळ्या हाकून मुलांची चाचणी तयार होत नाही.

एका पायलटला मी मुलाच्या शेजारी खाली बसले होते. उतारा होता एका मुलीचा, तिची बकरी हरवते, ती रडते, बकरी सापडते. तो मुलगा पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या शब्दाला अडकला, बोटाने शब्द धरून ठेवला, पुढे काही सरकेना. इन्व्हेस्टिगेटरने, म्हणजे चाचणी घेणाऱ्याने, नियमाप्रमाणे थांबून प्रश्न विचारला, "मुलगी का रडली?" मुलाने कागदाकडे बघितलंच नाही, वर बघून म्हणाला, "बकरी हरवली म्हणून." पूर्ण मार्क! वर बकरीचं चित्र होतं आणि मुलगी रडली हे प्रश्नातच सांगितलेलं होतं, अजून काय पाहिजे. त्या दिवसापासून प्रत्येक उताऱ्याचे प्रश्न आम्ही काही मुलांना उतारा न देताच विचारून बघतो. ती मुलं बरोबर उत्तरं द्यायला लागली तर तो प्रश्न वाचन मोजत नाहीये, काढून टाकायचा.

अजून बघायचं ते असं, स्टॉपवॉच समोर ठेवलं की किती मुलं गप्प होतात, इन्व्हेस्टिगेटरच्या तोंडून "छान" कधी निघतं (बरोबर उत्तराला निघालं आणि चुकीच्याला नाही तर मूल दोन प्रश्नांत ओळखतं), आणि मुलाच्या घरची भाषा चाचणीच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर सूचना तरी त्याच्या भाषेत देताय का. "घरात पुस्तकं किती" असला प्रश्न असेल तर मुलं शाळेची पुस्तकं धरून मोजतात का सोडून, हे पाच मुलांना विचारलं तरी कळतं.

मुलांची परवानगी घ्यायची. पालकांची तर घ्यायचीच, पण मुलालाही विचारायचं आणि ते नको म्हणालं तर उठू द्यायचं, शिक्षक मागून "बस बस" म्हणत असले तरी. रिपोर्टमध्ये एखाद्या शाळेत अपंग मूल एकच असेल तर त्या शाळेचा तो आकडा छापू नका, नाव न लिहिताही ते मूल ओळखू येतं.

टीमशी कसं वागायचं

थोडक्यात लिहिते. अ‍ॅनालिसिस सुरू करण्याआधी काय बघणार आहोत ते टीमने मिळून लिहून ठेवायचं आणि तारीख टाकायची, नाहीतर वीस आकड्यांमधला जो चमकतो तोच शेवटी मुख्य निष्कर्ष होतो आणि कोणी मुद्दाम केलं असंही नसतं. रिपोर्ट बाहेर जाण्याआधी मुख्य टेबल दुसऱ्या कोणीतरी मूळ डेटापासून परत काढायचं, ज्याने आधी कोड लिहिला त्याचा कोड न बघता. आमच्याकडे यात ९९ हा "माहिती नाही" चा कोड एकदा वय म्हणून सरासरीत गेलेला सापडला होता. सापडला तेव्हा तो कोड लिहिणाऱ्या मुलीला कोणी काही बोललं नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण चूक सांगितल्यावर ओरडा बसणार असेल तर पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही.

ड्राफ्टवर "सुधारा" एवढंच लिहून परत पाठवू नका. फील्डच्या लोकांना आठवड्यातून एकदा फोन करा, मेसेज नाही, फोन. आणि ज्याने काम केलं त्याला प्रेझेंट करू द्या, मंत्र्यांसमोर असलं तरी.

०.१५ म्हणजे किती हो मॅडम?

परिणाम आपण स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये (मुलांचे मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप) सांगतो आणि समोरच्याला ते काहीच सांगत नाही. ०.१ चा परिणाम म्हणजे १०० मुलांच्या रांगेत बरोबर मधे असलेलं मूल साधारण ४ जागा पुढे जाईल, असं सांगा. मग विचारतील हे चांगलं की वाईट. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र बघून जी पट्टी मांडली ती वापरण्यासारखी आहे, मार्कांवरचा परिणाम ०.०५ च्या आत असेल तर लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, त्याच्या वर मोठा. जुन्या पुस्तकांत ०.२ ला लहान म्हणतात, ती फूटपट्टी इथे लावली तर शिक्षणातलं जवळपास सगळंच फुकट गेलेलं दिसेल. आणि परिणाम सांगाल तिथेच मुलामागे खर्च पण सांगा, स्वस्तातला ०.०८ हा महागड्या ०.१५ पेक्षा कितीतरी कामाचा असू शकतो.

देशांची तुलना आली की विशेष सांभाळा. पिसा ही अनेक देशांत एकत्र घेतली जाणारी चाचणी २००० पासून १५ वर्षांच्या मुलांची होते, सुरुवातीला तिची मोजपट्टी सरासरी ५०० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १०० अशी बसवली होती. दोन-तीन गुणांच्या फरकाने देश बरेच क्रमांक वरखाली होतो आणि तो फरक बहुतेक वेळा मोजमापात होऊ शकणाऱ्या चुकीच्या मर्यादेच्या आतच असतो. पेपरवाले क्रमांक विचारतील, तुम्ही गुण आणि मर्यादा सांगा आणि कितीही आग्रह झाला तरी "अमुक धोरणामुळे क्रमांक घसरला" असं म्हणू नका, अशा एका चाचणीवरून कारण कळत नाही.

ब्रीफ आणि ती मीटिंग

ब्रीफ म्हणजे निर्णय घेणाऱ्यासाठीची छोटी नोट, ती दोन पानांचीच ठेवा. पहिल्या ओळीत उत्तर, दुसऱ्यात अट, मग तुम्हाला किती खात्री आहे आणि का. पार्श्वभूमीचा परिच्छेद काढून टाका, वाचणाऱ्याला शिक्षण महत्त्वाचं असतं हे माहीत आहे. एकच तक्ता ठेवा.

मीटिंगमध्ये दहा मिनिटांनी प्रश्न येतो, "मग करू का नको?" आपल्याला शिकवलेलं असतं की अजून संशोधनाची गरज आहे म्हणायचं. नका म्हणू. त्या माणसाला आज सही करायची आहे, तुम्ही बोलला नाहीत तर विक्रेता बोलेल. मी असं उत्तर देते, "ज्या शाळांत वाचनाचा तास ठरलेला आहे तिथे करा, बाकी ठिकाणी आधी तास ठरवा, आणि पहिल्या वर्षी अर्ध्या तालुक्यांनाच द्या म्हणजे पुढच्या वर्षी फरक बघता येईल." टप्प्याटप्प्याने द्यायचंच असेल तर कुठले आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा असं सुचवा, कोणावर पक्षपाताचं खापर फुटत नाही आणि तुम्हाला तुलनेचा गट आपोआप मिळतो.

निकाल नकोसा आला तर काय, हे काम सुरू होण्याआधीच करारात लिहून घ्या. निष्कर्ष काहीही असला तरी अमुक दिवसांत छापायचा आमचा हक्क राहील, तुम्हाला आधी वाचायला मिळेल, चुका दाखवता येतील, थांबवता येणार नाही. हे कलम नंतर मिळत नाही. मी एक काम या कलमावरून सोडलंय, त्या वर्षी फार ओढाताण झाली, पण परत तशी वेळ आली तर परत सोडेन. आणि वाईट निकाल छापण्याआधी ज्यांची योजना आहे त्यांना स्वतः जाऊन सांगा, त्यांना तो पेपरातून कळता कामा नये. योजना राबवणाऱ्यांनी जीव तोडून काम केलेलं असतं, ते ऐकून घ्या, बरेचदा का चाललं नाही याचं खरं कारण त्याच बैठकीत मिळतं.

शाळांकडे परत जा

हे जवळपास कोणीच करत नाही. ज्या शाळांनी आपल्याला दोन-तीन वेळा आत घेतलं, मुलांचा तास दिला, त्यांना रिपोर्टची लिंकसुद्धा जात नाही. बजेट मांडतानाच परत जायचे पैसे धरा. शिक्षकांच्या भाषेत एक पान करा, त्यात काय बघितलं, काय दिसलं आणि वर्गात उद्या करून बघता येईल असं एखादं काही. शाळेची नावं नाहीत, तुलना नाही.

तिथे शिक्षक हमखास विचारतात, "आमच्या शाळेचं काय निघालं?" तेव्हा खरं सांगायचं की आम्ही तुमच्या वर्गातली २० मुलं घेतली होती, त्यावरून सगळ्या शाळांचं मिळून सांगता येतं, तुमच्या एकट्या शाळेबद्दल बोललो तर ते अंदाजाने बोलणं होईल. मग वही उघडा आणि त्यांना विचारा, आमच्या या पानातलं कुठलं वाक्य तुम्हाला पटत नाही. एका बाईंनी मला "मुलं घरी वाचत नाहीत" या ओळीवर बोट ठेवून सांगितलं होतं की घरी संध्याकाळी दिवा एकच असतो आणि तो स्वयंपाकाच्या जागी असतो, तुम्ही हे विचारलंच नव्हतं. पुढच्या सर्व्हेत तो प्रश्न घातला.